आबांना आवाज येतो, पण बोलणे समजत नाही: श्रवणयंत्र निवडताना काय पाहावे?

उद्यमनगरकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, आता ७१वे वर्ष सुरू आहे. ३४ वर्षे त्यांनी फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, नोकरी केली. सुरुवातीची काही वर्षे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि नंतर निवृत्त होईपर्यंत शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत. त्यातला बहुतेक काळ ते फेटलिंगला होते. ज्यांना हे काम माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, ओतीव भागांना चिकटलेले जादा लोखंड हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीने आणि ग्राइंडरने काढून टाकण्याचा हा विभाग असतो, आणि तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही कानाजवळ तोंड नेऊन बोलावे लागते. त्या काळी कानात कापसाचा बोळा घालण्यापलीकडे कोणी काही करत नव्हते.

गेली सहा-सात वर्षे आबांना बोलणे नीट समजत नाही. 'तुम्हाला ऐकू येत नाही' असे म्हटले की ते रागावतात, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचा राग खोटा नाही. गल्लीतून जाणारी रिक्षा, कुत्र्याचे भुंकणे, आईच्या हातून पडलेले भांडे, हे सगळे त्यांना ऐकू येते. मी बोललो तर बरेचसे समजते. माझी आठ वर्षांची मुलगी बोलली तर जवळजवळ काहीच समजत नाही. मागच्या महिन्यात आईने वातींसाठी कापूस आणायला सांगितला, तर ते कापूर घेऊन आले. घरात सगळे हसले. त्या दिवसापासून त्यांनी दुकानात जाणे बंद केले आहे. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या चौघांच्या गटात ते आता दहा पावले मागे चालतात. कारण विचारले तर गुडघा दुखतो म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मी इंटरनेटवरून ३,२०० रुपयांचे एक यंत्र मागवले होते. ते सतत शिट्टी वाजवत असे आणि पंख्याचा आवाज माणसाच्या आवाजापेक्षा मोठा करत असे. चार दिवसांनी ते कपाटात गेले आणि आबांच्या मनात 'मशीनचा काही उपयोग नसतो' हे पक्के बसले.

या वेळी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले. त्यांनी मळ काढला, पडदे शाबूत असल्याचे सांगितले आणि तपासणी करून घेतली. उजव्या कानाचे आकडे ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झला अनुक्रमे ३०, ३५, ५०, ७० आणि ६० डेसिबल असे आहेत. डाव्या कानाचे ३५, ४०, ५५, ७५ आणि ६५. (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आणि डेसिबलचा आकडा जितका मोठा तितके ऐकू येणे कमी.) कानामागच्या हाडाला कंप देऊन, म्हणजे हाडामार्गे, केलेल्या तपासणीचे आकडेही जवळजवळ तेच आहेत. शब्द ओळखण्याच्या चाचणीत उजव्या कानाने ८४ टक्के आणि डाव्या कानाने ७६ टक्के शब्द बरोबर ओळखले.

त्यानंतर दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी फक्त एका कानासाठी २८,००० रुपयांचे यंत्र सुचवले. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही कानांसाठी मिळून १,६०,००० रुपये सांगितले, त्यात चॅनेल अधिक आहेत हे पुनःपुन्हा ऐकवले, आणि आत्ता यंत्र घेतले नाही तर वडिलांना स्मृतिभ्रंश होईल, असेही म्हटले. आई त्या रात्री झोपली नाही. आबांचे स्वतःचे म्हणणे एवढेच आहे की, घ्यायचेच असेल तर कोणाला दिसणार नाही असे कानाच्या आत बसणारे घ्या. एक घ्यावे की दोन, एवढ्या किमतीच्या फरकात नेमके काय मिळते, आणि हेही यंत्र कपाटात जाऊ नये म्हणून काय करावे, याविषयी अनुभवी आणि जाणकार मंडळींनी सांगावे, ही विनंती.

राजारामपुरी_नववी_गल्ली यांचा प्रतिसाद

आपला प्रश्न वाचून मी दोनदा थांबले, कारण रंकाळ्यावर दहा पावले मागे चालणारी माणसे मला चांगली माहीत आहेत. मीही तशीच चालत असे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे, वय ६८, आणि गेली नऊ वर्षे दोन्ही कानांना यंत्रे वापरते. यंत्राच्या तांत्रिक बाजूविषयी दुसरे कोणी अधिक अधिकाराने लिहील. मी घरातल्या गोष्टी लिहिते.

सर्वांत आधी एक विनंती. आबांच्या कापराच्या प्रसंगावर पुन्हा कधीही घरात हसू नका. आपण प्रेमानेच हसला असाल, याची मला खात्री आहे. पण कमी ऐकू येणारा माणूस दिवसभर अर्धवट ऐकलेल्या शब्दांवरून अर्थ जुळवत असतो, आणि त्या जुळवण्यात चूक झाली की त्याला आपली बुद्धीच कमी झाल्यासारखे वाटते. मी वर्गात मुलांचे उत्तर न ऐकताच 'छान' म्हणू लागले होते. एकदा एका मुलीने 'बाई, मला बरं वाटत नाही' असे म्हटले आणि मी तिला 'छान, बस खाली' म्हटले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता थेट कान तपासायला गेले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. एखादी गोष्ट दोनदा सांगूनही समजली नाही की घरातले माणूस म्हणते, 'काही नाही, राहू दे.' कृपया हे वाक्य आबांना कधीही ऐकवू नका. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ती क्षुल्लक गोष्ट असते, पण ऐकणाऱ्याला त्यातून कळते ते हे की, आपल्याला सामील करून घेण्याइतके कष्ट घ्यायला कोणाला वेळ नाही. घर भरलेले असताना एकटे पडण्याची सुरुवात इथून होते. तेच वाक्य तिसऱ्यांदा मोठ्याने सांगण्याऐवजी शब्द बदलून सांगा. 'कापूस' समजला नाही तर 'वाती करायला लागतो तो' असे म्हणा. संदर्भ मिळाला की उरलेले आम्ही जुळवतो.

ओरडू तर मुळीच नका. हलके बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेले सहन होत नाही, अशी आमच्या कानांची विचित्र अवस्था असते. म्हणून 'मोठ्याने बोल' म्हणणारा माणूस पुढच्याच क्षणी 'ओरडतोस कशाला' असे म्हणतो. तो हट्टीपणा नसतो. ओरडल्याने चेहरा ताणला जातो, ओठांची हालचाल बदलते आणि बोलणे उलट कमी समजते. आधी हाक मारा, ते आपल्याकडे वळू द्या, आपल्या चेहऱ्यावर उजेड असू द्या, आणि मग थोड्या संथपणे बोला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलणे आमच्या घरी पूर्ण बंद झाले आहे. माझ्या सुनेने हा नियम स्वतःहून घातला आणि तो नातवंडांनाही लावला. माझ्या यंत्रांनी जेवढे काम केले तेवढेच त्या नियमाने केले, असे मी मनापासून म्हणते.

आता यंत्र लावल्यानंतरचे पहिले दिवस. पहिल्या दिवशी मला स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला. वर्तमानपत्राचे पान उलटले तर पत्रा वाजल्यासारखे झाले. नळाचे पाणी, चपलांचा आवाज, पंखा, फोडणीची चुरचूर, हे सगळे एकाच वेळी अंगावर आले आणि मला रडू कोसळले. पुढे कळले की, मेंदूने हे बारीक आवाज बरीच वर्षे ऐकलेलेच नव्हते, त्यामुळे कोणता आवाज दुर्लक्ष करण्याजोगा आहे हे त्याला पुन्हा शिकावे लागते. मी पहिला आठवडा फक्त घरात, एकाच माणसाशी बोलताना यंत्रे लावली. दुसऱ्या आठवड्यात टीव्ही आणि शेजारीण. तिसऱ्या आठवड्यात भाजी मंडई. महाद्वार रोडवर जाण्याचे धाडस दीड महिन्यानंतर केले. एका वहीत रोज दोन ओळी लिहीत असे: कुठे समजले नाही, कोणता आवाज टोचला. ती वही घेऊन मी जुळवणीसाठी चार वेळा गेले आणि प्रत्येक वेळी यंत्र थोडे अधिक माझे झाले. आपल्या आबांचे पहिले यंत्र कपाटात गेले याचे मला नवल वाटत नाही. ते जुळवून देणारे कोणी नव्हतेच.

आणखी एक. दिवसभर लक्ष देऊन ऐकण्याचा थकवा फार असतो. संध्याकाळी मी अर्धा तास यंत्रे काढून शांत बसते. त्या वेळी मी रुसलेली नसते, हे घरातल्यांना समजायला वेळ लागला.

श्रवणतज्ज्ञ_गडहिंग्लज यांचा प्रतिसाद

राजारामपुरीच्या बाईंनी लिहिलेले मी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना वाचून दाखवावे म्हणतो. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कोणत्याही कंपनीचे नाव इथे घेणार नाही. प्रत्यक्ष कान न पाहता दिलेले मत अंतिम मानू नये, हे आधी नमूद करतो.

आपण आकडे दिले हे फार चांगले केले. हवेमार्गे आणि हाडामार्गे केलेल्या तपासणीत फरक नाही, याचा अर्थ अडथळा कानाच्या पडद्यात किंवा मधल्या कानात नसून आतल्या कानात आहे. तिथल्या सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून इथे औषध, थेंब किंवा कानात तेल सोडणे यांचा उपयोग नाही. ४००० हर्ट्झला सर्वांत मोठी घसरण आणि ८००० हर्ट्झला थोडी सुधारणा, ही आलेखातली खाच दीर्घकाळ गोंगाटात काम केलेल्या माणसांमध्ये आढळते. तिच्यावर आता वयाचीही भर पडली आहे. ५०० ते ४००० हर्ट्झच्या चार आकड्यांची सरासरी उजव्या कानात सुमारे ४६ आणि डाव्या कानात सुमारे ५१ डेसिबल येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गवारीप्रमाणे ३५ ते ५० मध्यम आणि ५० ते ६५ मध्यम-तीव्र, म्हणजे दोन्ही कान त्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे आहेत.

आता कापूस आणि कापूर यांच्याकडे पाहा. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर मुख्यतः खालच्या वारंवारतांत, म्हणजे खालच्या पट्टीच्या जाड आवाजांत, असतात, जिथे आबांचे कान बऱ्यापैकी शाबूत आहेत. अर्थाचा फरक करणारी स, श, फ, त, थ, क, ख ही व्यंजने दुबळी असतात आणि त्यांची ऊर्जा बऱ्याच अंशी २००० हर्ट्झच्या वर असते. त्यांतही 'स' सर्वांत वरचा. त्यामुळे 'कापू' पोहोचले आणि शेवटचे अक्षर गळाले. उरलेली जागा त्यांनी देवघरातल्याच दुसऱ्या वस्तूने भरली, म्हणजे बुद्धी अगदी योग्य दिशेने चालली होती. आपल्या मुलीचा आवाज पातळ आणि हलका, मुले भराभर बोलतात. म्हणून तिचे बोलणे सर्वांत कमी समजते. हे आबांना आलेखावर बोट ठेवून दाखवा. 'मला आवाज येतो' हे त्यांचे म्हणणे खरे आहे, असे कोणीतरी त्यांना सांगायला हवे.

इंटरनेटवरून घेतलेले यंत्र चालले नाही याचे कारणही याच आलेखात आहे. स्वस्त ध्वनिवर्धक सर्व वारंवारतांचा आवाज साधारण सारखाच वाढवतो. आबांना ५०० हर्ट्झला थोडी आणि ४००० हर्ट्झला बरीच मदत हवी आहे. पंख्याची घरघर खालच्या वारंवारतांत असते, तीच मोठी झाली. शिवाय हलका आवाज अधिक वाढवायचा, मोठा आवाज कमी वाढवायचा आणि एका मर्यादेपुढे जाऊ द्यायचा नाही, हे काम प्रत्येक कानाच्या आलेखाप्रमाणे बसवावे लागते.

एक की दोन? दोन्ही कानांना जवळजवळ सारखा उणेपणा असताना मी दोनच सुचवीन. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. रस्ता ओलांडताना याचे महत्त्व सांगायला नको. गोंगाटात एका माणसाचे बोलणे वेगळे काढण्यासाठीही दोन कान लागतात. पैशांची खरोखर अडचण असेल तर एका महागड्या यंत्रापेक्षा दोन साधी, पण नीट जुळवलेली यंत्रे बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चॅनेल म्हणजे आवाजाचे जितक्या पट्ट्यांत विभाजन करून त्यावर स्वतंत्र प्रक्रिया करता येते ती संख्या. ती अगदीच कमी असू नये, पण एका मर्यादेपलीकडे संख्या वाढली म्हणून बोलणे त्या प्रमाणात अधिक समजत नाही. किमतीतला फरक बहुतांशी गोंगाट हाताळण्याची क्षमता, समोरच्या दिशेचा आवाज टिपणारे मायक्रोफोन, परिस्थिती ओळखून आपोआप बदलणारी मांडणी, मोबाइलशी थेट जोडणी आणि चार्जिंग यांचा असतो. आबा दिवसभर कुठे असतात ते आधी ठरवा. घर, रंकाळा, चार मित्र आणि अधूनमधून लग्नकार्य एवढा व्याप असेल, तर मधल्या श्रेणीचे, दिशादर्शक मायक्रोफोन असलेले यंत्र पुरेसे ठरण्याची शक्यता मोठी आहे. सभा-बैठकांतून सतत वावरणाऱ्या माणसाची गरज वेगळी असते.

आत लपणाऱ्या यंत्राविषयी मात्र आबांशी शांतपणे बोलावे लागेल. त्यांच्या खालच्या वारंवारता चांगल्या आहेत. कान पूर्ण बंद करणारे यंत्र बसवले तर स्वतःचा आवाज घुमतो आणि चावतानाचा आवाजही डोक्यात वाजतो. कानामागे छोटे यंत्र, बारीक तार आणि कानाच्या नळीत सच्छिद्र मऊ टोपी असलेला स्पीकर, या प्रकाराला आरआयसी म्हणतात. अशा आलेखासाठी मी आधी त्याचाच विचार करतो. केसांच्या रंगाचे घेतले तर ते सहसा लक्षात येत नाही. अगदी लहान यंत्रांची बॅटरीही लहान असते, आणि ७० वर्षांच्या, आयुष्यभर छिन्नी धरलेल्या बोटांनी ती बदलणे सोपे नसते. यंत्र ठरवण्यापूर्वी त्यांना स्वतःच्या हाताने ते घालून-काढून पाहू द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. यंत्र बसवल्यावर कानाच्या नळीत बारीक लवचीक नळी ठेवून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजता येते. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळ्या आकाराची असते, त्यामुळे संगणकाने सुचवलेली मांडणी आणि प्रत्यक्ष पोहोचणारा आवाज यांत बराच फरक पडू शकतो. ही मोजणी आपण करता का, यंत्र घरी नेऊन काही दिवस वापरून पाहता येईल का, किमतीत पुढच्या किती जुळवण्या धरल्या आहेत, आणि जुळवणी करणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे चार प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारा. उत्तरे कशी मिळतात त्यावरून ठिकाण निवडा, आणि मग यंत्र. श्रवणयंत्रांवर जीएसटी नाही. बिलात तो लावलेला दिसला तर जरूर विचारणा करा.

स्मृतिभ्रंशाची भीती घालून यंत्र विकणे मला अजिबात मान्य नाही. मध्यम वयापासून असलेला आणि दुर्लक्षित राहिलेला श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या धोक्याच्या घटकांपैकी एक मानला जातो, हे खरे आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अचीव्ह या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींना तीन वर्षे पाहिले गेले. संपूर्ण गटात यंत्रामुळे आकलनशक्तीच्या ऱ्हासात लक्षणीय फरक दिसला नाही. आधीपासून अधिक धोका असलेल्या उपगटात मात्र ऱ्हासाचा वेग ४८ टक्के कमी आढळला. यातून 'यंत्र घेतले नाही तर होईलच' असे मुळीच निघत नाही. आपल्या आईंना हे अवश्य सांगा. आबांना यंत्र घ्यायचे ते नातीचे बोलणे समजावे म्हणून, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

एक इशारा इथल्या सर्व वाचकांसाठी. एखाद्या कानाला अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, कमी ऐकू येऊ लागले तर 'मळ असेल' म्हणून थांबू नका. ती तातडीची स्थिती आहे आणि उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर लाभाची शक्यता अधिक असते.

मागावरचा_माणूस यांचा प्रतिसाद

मी इचलकरंजीचा. यंत्रमागावर २६ वर्षे गेली आणि कानही तिथेच गेले. खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, आम्ही हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलत असू, त्यामुळे ऐकू येणे कमी झाले हे आम्हाला फार उशिरा कळले. ते घरी आधी कळते.

माझी भर निगेपुरती आहे. आपल्याकडे जूनपासून हवा इतकी दमट असते की यंत्र पाण्यात न पडताही आतून ओले होते. रात्री यंत्र पुसून, बॅटरीचे दार उघडे ठेवून, सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. गॅसजवळ किंवा उन्हात वाळवू नये. यंत्र बंद पडले असे वाटले तर अनेकदा टोकाच्या जाळीत मळ अडकलेला असतो. ती बारीक जाळी बदलायला आबांना आणि घरातल्या आणखी एकाला शिकवून ठेवा. बॅटरीवाले यंत्र घेतले तर तिच्यावरचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती आत घालावी, कारण ती हवेवर चालते. कागद एकदा काढला की वापरा अगर वापरू नका, ती उतरत जाते. आणि आपल्या घरात लहान मूल आहे म्हणून आवर्जून सांगतो: या बॅटऱ्या मुलांच्या हाती लागता कामा नयेत. गिळली गेली तर तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

लग्नात फेटा बांधताना तो कानावरून घट्ट गेला की यंत्र शिट्टी वाजवते. हेल्मेटचेही तसेच. पंगतीत किंवा हॉटेलात गोंगाट पाठीमागे आणि बोलणारा समोर राहील अशी जागा धरावी.

पेन्शनर_कागल यांचा प्रतिसाद

योजनांविषयी थोडक्यात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल उणेपणा असणाऱ्याला 'ऐकू येण्यास अडचण असलेला' आणि ७०च्या पुढे 'कर्णबधिर' धरले आहे. त्यामुळे आबांच्या सरासरीवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळणे कठीण दिसते. त्यासाठी हेलपाटे घालण्यापूर्वी सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे शासकीय रुग्णालयात) आलेख दाखवून विचारून घ्यावे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तींना साहाय्यक साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून आहे, ती कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी असून तिच्यात श्रवणयंत्राचा समावेश आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इथे समाधान झाले नाही तर दुसरे मत घेण्यासाठी ते चांगले ठिकाण आहे.

उद्यमनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. बाईंचा प्रतिसाद मी आईला आणि पत्नीला वाचून दाखवला. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. श्रवणतज्ज्ञांना एक विचारायचे आहे. माझा धाकटा भाऊ आजही शिरोलीत फौंड्रीतच आहे, वय ३८. त्याला काही त्रास नाही असे तो म्हणतो. त्याची तपासणी करावी का?

श्रवणतज्ज्ञ_गडहिंग्लज

जरूर करावी, आणि ती कामावर जाण्यापूर्वी, रात्रभर कानाला विश्रांती मिळाल्यानंतर करावी. कामाची पाळी संपल्यावर लगेच केली तर तात्पुरता उणेपणाही आलेखात येतो. त्रास जाणवतो तोवर ४००० हर्ट्झची खाच बरीच खोल गेलेली असते. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षिततेची सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन. फेटलिंगचा आवाज याच्या पुष्कळ वर असतो. कापसाच्या बोळ्याने फारसे काही थांबत नाही. फोमचे प्लग बोटांनी वळून, कान वर ओढून आत बसवावेत. त्यावर इअरमफ लावले तर उत्तम. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. संरक्षक साधने मागण्यात भावाने संकोच बाळगू नये.

उद्यमनगरकर, नऊ आठवड्यांनंतर

काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. चार प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारले. एका ठिकाणी उत्तर मिळाले की, एवढी मोजणी कोणी करत नाही. मग तिसरे ठिकाण शोधले, जिथे ती नळीची मोजणी आमच्यासमोर केली आणि यंत्रे दहा दिवस घरी वापरायला दिली. दोन्ही कानांना आरआयसी घेतली, चार्जिंगची, मधल्या श्रेणीची. दोन्ही मिळून ७८,००० रुपये लागले. आलेखावर बोट ठेवून 'तुम्ही म्हणत होता ते खरे होते' हे आबांना मी नव्हे, आईने सांगितले. दिसणारे यंत्र चालेल, असे ते त्यानंतर स्वतःहून म्हणाले.

पहिले बारा दिवस कठीण गेले. भांड्यांचा आवाज त्यांना सहन होत नव्हता, आणि दोनदा त्यांनी यंत्रे काढून टेबलावर ठेवली. वहीत त्या दिवसांत एकच शब्द आहे: 'भांडी'. दुसऱ्या जुळवणीत मोठ्या आवाजांची मर्यादा खाली आणल्यावर तो त्रास थांबला. पाचव्या आठवड्यात मुलगी पाढे म्हणत होती आणि त्यांनी पलंगावरूनच 'तेरा सत्ते एक्याण्णव, सत्याण्णव नव्हे' असे तिला सांगितले. 'एक्या' आणि 'सत्या' यांतला फरक त्यांना पाठमोरे असताना ऐकू आला, हे मला थोड्या वेळाने लक्षात आले आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

लग्नाच्या हॉलमध्ये अजूनही त्यांना अर्धेच समजते. डाव्या कानाची मऊ टोपी दुपारनंतर खुपते, ती पुढच्या जुळवणीत बदलणार आहेत. भावाचीही तपासणी झाली: ४००० हर्ट्झला उजव्या कानात ३५ आणि डाव्या कानात ४० डेसिबल, बाकी सर्व ठिकाणी १५च्या आत. त्याने इअरमफ घेतले आहेत, आणि आबा त्याला रोज सकाळी निघताना ते डब्याबरोबर हातात देतात.